गोड पाण्याचा आरोपी

मी पाण्याचा जग बोलतोय. जेवणाच्या टेबलावर ठेवतात तो, एक कान आणि एक चोच असलेला. पांढरा एनॅमलचा, काठाला निळी रेघ. एवढं निरखून का बघताय माझ्याकडे? आजवर जो कोणी माझ्याजवळ एवढा वेळ थांबला, तो माझं काहीतरी तपासायलाच थांबला. तुमचंही काहीतरी काम असणारच. असू दे. बसा, सांगतो.

मुळात मी साधा लोखंडी पत्रा. कारखान्यात मला दाबलं, वाकवलं, बूड जोडलं, काचेच्या पिठाच्या लेपात बुचकळलं आणि भट्टीत घातलं. बाहेर आलो तेव्हा समोर एक बाई बसली होती. ती प्रत्येक जग उजेडाकडे धरून आत डोकावायची आणि लाकडी दांडीने टकटक करायची. आवाज पसंत पडला नाही की जग बाजूला. म्हणजे या जगात आल्यावर मी पहिलं जे माणूस पाहिलं, तेच माझ्याकडे संशयाने बघत होतं. तेव्हापासून हा गुण मलाही चिकटला. मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

आणि गेलो तेही कुठल्या घरी? वजनमापं तपासणाऱ्या साहेबांच्या! बाजारात ते शिरले की दुकानदारांच्या हाताला घाम फुटायचा. कोणाच्या तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं असे, कोणाच्या तेलाच्या मापाला दुहेरी बूड असे, आणि साहेब नुसतं माप हातात घेऊन सांगत, "याच्या पोटात काहीतरी आहे." त्यांच्या बायकोने मला विकत आणलं तेव्हा चहा घेण्याआधी त्यांनी लिटरचं माप काढून मला भरून पाहिलं. पाणी बरोबर निळ्या रेघेला टेकलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, "लग्नानंतर मला हे वाक्य ऐकायला किती वर्षं लागली, ठाऊक आहे? याला पहिल्याच दिवशी मिळालं."

साहेबांच्या कामाची एक रीत होती. संशय आला की बोलायचं नाही. बोललं की समोरचा सावध होतो. गुपचूप नमुना घ्यायचा, गुपचूप मोजायचं, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू द्यायची नाही, आणि पुरती खात्री झाली की मगच समोर जाऊन उभं राहायचं. या रितीने त्यांनी कितीतरी लबाड पकडले. नोकरी संपली, कोट खुंटीला लागला, पण रीत काही अंगावरून उतरली नाही.

बाई गेल्या. मग घरात साहेब आणि मुलगा. मुलगा मालाची मोठी गाडी चालवतो, चार दिवस घरी तर पंधरा दिवस रस्त्यावर. साहेब एकटेच जेवत, मला समोर ठेवून. मी बोलत नाही आणि तेही बोलत नसत, त्यामुळे आमचं छान जमायचं.

मग मुलाने लग्न केलं आणि सून आली. येताना तिने माहेरच्या शेतातलं एक पोतं आणलं. पोतं टेबलावर उपडं केलं तशी हिरवी, खवल्याखवल्यांची, मुठीएवढी बोंडं गडगडत माझ्या अंगावर आली. प्रत्येक खवल्याच्या टोकाला काटा. माझं एनॅमल शहारलं. अशी कडेकोट बंद वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. जी भाजी एवढा बंदोबस्त ठेवते, तिच्या आत काहीतरी काळंबेरं असणारच, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आर्टिचोक, बाबा. आमच्या शेतातले."

"हे खायचं?"

"हो तर! पाकळीच्या बुडाशी थोडा गर असतो, तो. आणि मधला गड्डा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं टाकायचं."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते उठून आत गेले आणि आपला जुना ताणकाटा घेऊन आले. एक बोंड आकड्याला अडकवून त्यांनी वजन केलं आणि काही न बोलता काटा बाजूला ठेवला. सुनेला वाटलं, सासऱ्यांना नव्या भाजीचं कौतुक आहे. भोळी होती बिचारी.

ती कामाला लागली. देठ कापला, सुरीने शेंड्याचा तिसरा हिस्सा उडवला, कात्रीने राहिलेल्या पाकळ्यांचे काटे छाटले. कापलेला भाग बघता बघता काळा पडायला लागला. ती अर्धं लिंबू घेऊन त्यावर चोळत होती आणि मी विचार करत होतो, की सुरी लागताच काळं पडण्यासारखं या भाजीने केलंय तरी काय? मग तिने माझ्यातलं पाणी एका वाडग्यात ओतलं, त्यात लिंबू पिळलं आणि बोंडं त्यात बुडवून ठेवली. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळलं, बोंडं पालथी घालून वर झाकण ठेवलं. बऱ्याच वेळाने तिने एक पाकळी ओढून पाहिली. अलगद हातात आली, म्हणजे शिजलं.

लोणी वितळवून त्यात ठेचलेला लसूण आणि लिंबू. प्रत्येकाला लोण्याची एक वाटी, एक आर्टिचोक आणि शिवाय एक रिकामी ताटली.

"ही कशाला?" साहेबांनी विचारलं.

"चोथा टाकायला. हे असं ओढायचं, लोण्यात बुडवायचं आणि दातांनी ओरबाडायचं. बघा."

साहेबांनी तिचं बघून एक पाकळी ओरबाडली. मग दुसरी. चेहरा दगडासारखा, पण हात काही थांबेना. पाकळ्या संपल्यावर तिने त्यांच्या गड्ड्यावरची कापसासारखी लव चमच्याने खरवडून काढली आणि गड्डा लोण्यात घोळवून पुढे केला. तो त्यांनी डोळे मिटून खाल्ला. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटल्यांतला चोथा एका पिशवीत भरून त्यांनी पुन्हा ताणकाटा काढला.

"अर्ध्याहून जास्त परत!" ते म्हणाले. "कोणी दुकानदाराने हे केलं असतं तर मी त्याच्या दाराला कुलूप लावलं असतं."

मुलगा आणि सून पोट धरधरून हसले. साहेबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. असं वाटलं की आता हे घर माणसांत आलं. तेवढ्यात साहेबांनी माझ्यातून पेला भरून घेतला, एक घोट घेतला आणि ते थांबले.

त्यांनी पेल्यात पाहिलं. मग माझ्यात पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. ती ताटल्या उचलत होती. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी ओळखलं. ही त्यांची बाजारातली नजर होती.

पाणी गोड लागलं होतं.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण साहेबांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोडाचा कण वर्ज्य केलेला. आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्यांची आत्या, मुलाच्या लग्नाच्या आधीपासून सुनेविरुद्ध त्यांच्या कानाशी लागलेली. आत्या दर रविवारी जेवायला यायची आणि जेवण सोडून सगळ्यांची चव घ्यायची. साहेबांनी तिला ओट्याजवळ गाठून हळू आवाजात सांगितलं. आत्याने डोळे मोठे केले.

"मी म्हटलं नव्हतं? तुला साखर चारतेय ती. थोडी थोडी, कळू न देता. एकदा तू अंथरुणाला खिळलास की घर तिचंच आहे."

"ताई, पुरावा नाही अजून."

"पुरावा येईपर्यंत तू राहशील का?"

मग त्या घरात माझ्यावर पाळत सुरू झाली. साहेब गुपचूप माझ्यातलं पाणी बाटलीत भरून ओळखीच्या औषधवाल्याकडे घेऊन गेले. परत येऊन आत्याला म्हणाले, "नुसतं पाणी आहे म्हणतो." आत्या म्हणाली, "मग ती हुशार आहे." झालं! निर्दोष ठरणं हाही तिचा गुन्हाच.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होती. ती मला नळाखाली धरायची तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून तिच्या दुसऱ्या हाताकडे बघायचो. हात रिकामा. पदर झटकला तर मी दचकायचो. तिने काही घातलं असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं, कारण ते माझ्याच पोटात पडलं असतं. पण माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरीही कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतच राहिलं. संशयाला पोट लागत नाही, तो उपाशीही वाढतो.

माहेरून दर आठवड्याला पोतं येत होतं. सून उत्साहाने नवंनवं करायची. एकदा तिने पाकळ्या बोटांनी फाकवून मधे पावाचा चुरा, लसूण, पुदिना आणि किसलेलं चीज ठासून भरलं आणि बोंडं ओव्हनमध्ये खरपूस भाजली. एकदा बाहेरच्या राठ पाकळ्या काढून टाकल्या, आतल्या गड्ड्यांचे चार चार तुकडे केले, मटार आणि छोटे बटाटे घालून मंद आचेवर झाकून ठेवले. देठही फेकले नाहीत. सोलून, चकत्या करून त्यातच टाकले. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं आणि पावाने ताट पुसलं. मग पाणी प्यायले, आणि पुन्हा त्यांची नजर माझ्यावर आली.

साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांच्या लक्षात आलं होतं की ती काटेरी भाजी असते त्याच दिवशी पाणी गोड लागतं. पण यातून त्यांनी काय काढलं, ऐका. त्या दिवशी ती ओट्याशी जास्त वेळ असते, जगातलं पाणी वाडग्यात ओतते, लिंबू पिळते, तेव्हाच तिला संधी मिळते. भाजी म्हणजे नुसता आडोसा! इतकी वर्षं त्यांनी माणसंच पकडली होती. भाजी कोणाची चव बदलू शकते, हे त्यांच्या डोक्यातच येणार नव्हतं.

एका रविवारी त्यांनी आत्यासमोर खडा टाकून पाहिला. दोघांनी पोटभर खाल्लं, दोघांचे पेले माझ्यातूनच भरले. साहेब प्यायले, गोड. आत्या प्यायली, म्हणाली, "मला तर साधंच लागतंय." मग दोघांनी पेले बदलले. साहेबांना तोही गोडच लागला, आत्याला हाही साधाच.

"तुझी जीभ गेलीय, ताई."

"माझी जीभ? माझी जीभ गेली असती तर सगळ्या नातेवाईकांनी पेढे वाटले असते!"

सून ताटं घेऊन आली तसे दोघं गप्प. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही," साहेब म्हणाले. त्याच वेळी त्यांनी तिला सरळ विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण खात्री होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची रीत ना!

त्यांनी संशय घेतला तो माझ्यावर. सून बाजारात गेलेली पाहून मला ओट्यावर पालथा घातला आणि हातोडीच्या दांड्याने बूड ठोकायला सुरुवात केली. दुहेरी बूड शोधत होते. ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी 'बरोबर आहे' म्हटलं, तोच माझ्या पोटात चोरकप्पा शोधत होता. मला फार लागलं. एनॅमलचे दोन टवके उडाले आणि आतला काळा पत्रा उघडा पडला. सापडलं काहीच नाही. दांडा खाली ठेवून ते माझ्याकडे बघत बसले आणि मला त्यांचा इतका राग आला, की हात असते तर मी स्वतःला त्यांच्या डोक्यावर ओतलं असतं.

त्यानंतर ते स्वतः नळावर बाटली भरून कपाटात कुलूपबंद ठेवायला लागले. आर्टिचोकच्या जेवणानंतर त्यांनी ती उघडली, प्यायले, आणि पांढरे पडले. गोड! म्हणजे तिच्याकडे कपाटाची दुसरी किल्ली होती! त्यांनी कुलूप बदललं. तरीही गोड. मग मात्र त्यांनी घरात पाणी पिणंच जवळजवळ सोडून दिलं. दिवस उन्हाळ्याचे. ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. सून पेला भरून समोर ठेवायची आणि ते तो न बोलता बाजूला सारायचे. ती माझ्यातलं पाणी बदलायची, मला घासायची, पेले उकळून घ्यायची. तिला वाटत होतं, आपल्या हातची स्वच्छता यांना पसंत नाही.

एके दिवशी जिन्यात साहेबांना घेरी आली आणि ते खाली बसले. शेजाऱ्यांनी धरून वर आणलं. डॉक्टर म्हणाले, "साखर ठीक आहे. अंगात पाणीच नाही यांच्या. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील." डॉक्टर गेल्यावर सुनेने पेला त्यांच्या हातात दिला आणि हात धरून ठेवला.

"बाबा, का पीत नाही तुम्ही? मला सांगा तरी."

साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी ठरवलं की खात्री झाली.

"तूच सांग. काय घालतेस पाण्यात?"

तिला कळलंच नाही. "कशात?"

"पाण्यात. तू ती भाजी करतेस त्या दिवशी माझं पाणी गोड होतं. कुलपातलंसुद्धा."

ती आधी हसली. अगदी मनापासून, सुटल्यासारखी हसली. "अहो बाबा, आर्टिचोक खाल्ल्यावर पाणी गोडच लागतं! त्याचा गुणच आहे तो. लहानपणी आम्ही मुद्दाम त्यावर पेलेच्या पेले पाणी प्यायचो. मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

"आणि ताईला का लागत नाही?"

"काहींना नाही लागत. आमच्या काकांना कधीच लागलं नाही. ते म्हणायचे, तुम्ही सगळे खोटं बोलता."

"सोयीचं आहे," साहेब म्हणाले. "बाजारात प्रत्येक जण मला हेच सांगायचा. साहेब, आमचा काटा असाच असतो. साहेब, याचा गुणच असा आहे."

तिचं हसू मावळलं. ती हळूच खुर्चीवर बसली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवत होतात, बरं झालंय म्हणत होतात, आणि मनात हे होतं?"

मी मधेच टेबलावर होतो, दोघांच्या बरोबर मधोमध. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत होते म्हणाल तर नाही. ती पाहत होती त्यांच्याकडे आणि ते पाहत होते माझ्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून तिने ती भाजी बंद केली. पोतं आलं तसं शेजारी वाटून टाकलं. पाणी साधं लागायला लागलं. साहेबांनी आत्याला सांगितलं, "बघ, पकडल्यावर बंद केलं." आत्याने मान डोलावली. मुलगा फेरीवरून आला तेव्हा साहेबांनी त्याला टेबलाशी बसवून सांगितलं, "या घरात ती राहील नाहीतर मी."

"बाबा, अहो, पाण्यावरून कोणी घर मोडतं का?"

"पाण्यावरून नाही. विश्वासावरून."

मुलगा एकदा बापाकडे बघे, एकदा बायकोकडे. एवढी मोठी गाडी घाटातून नेणारा माणूस, पण इथे त्याला वळणच सापडेना. शेवटी तीच बॅग भरून बाहेर आली.

"मी माहेरी जाते," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही पाणी प्या. बस."

दार लागलं. साहेबांनी माझ्यातून पेला भरला आणि प्यायला. पाणी साधं होतं. पण ते काही खूश दिसेनात.

आत्या आता रोज यायला लागली. भाज्या फदफदा शिजवायची आणि घर कसं शांत झालं ते सांगायची. साहेब ऐकायचे, पण त्यांना काहीतरी टोचत होतं. ते मधेच जेवण थांबवून म्हणाले, "ताई, एक बाजू तपासायची राहिली."

"कसली बाजू? प्रकरण मिटलं!"

"तिचं म्हणणं तपासलं नाही मी. दुकानदाराचंसुद्धा म्हणणं तपासायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या यायच्या आधीच ते बाजारातून एक आर्टिचोक घेऊन आले. मला स्वतः विसळलं, स्वतः नळाखाली धरलं, स्वतः टेबलावर ठेवलं. आधी एक घोट प्यायले. साधं. मग ते बोंड घेऊन बसले. काटे छाटायचे असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं, त्यामुळे अंगठ्यातून रक्त काढून बसले. लिंबू लावलं नाही, म्हणून ते काळंठिक्कर पडलं. उकळायला टाकलं आणि पाकळी न ओढून बघताच बाहेर काढलं. लोणी नाही, लसूण नाही, मीठसुद्धा विसरले. त्या राठ पाकळ्या ते एकेक करून ओरबाडत होते. एवढं वाईट जेवण त्या टेबलावर कधी कोणी जेवलं नसेल. आणि गड्डा आला तेव्हा, सून वरची लव खरवडायची हेही विसरून, लवेसकट सगळा तोंडात टाकला.

लव घशात अडकली. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीवर थाप मारायला घरात कोणी नव्हतं. चाचपडत त्यांनी माझा कान धरला, पेला भरला आणि घटाघटा प्यायला.

मग पेला तसाच तोंडाशी धरून ते उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला कळलं. माझ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेलं नळाचं पाणी होतं, आणि ते त्यांना गोड लागलं होतं.

"अरे देवा," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. त्या थकलेल्या माणसाकडे बघून मला रडू आलं. मला रडता येतं का ते विचारू नका, माझ्या अंगाला बाहेरून थेंब सुटतात ते मी तरी अश्रूच धरतो.

त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवतात. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो. मी आहे."

"हो, बाबा." सुनेचा आवाज. जपून काढलेला.

"ते मधे कापसासारखं असतं. ते काढायचं असतं का?"

"हो. चमच्याने खरवडून. घशात अडकतं ते."

"अडकलं."

"मग पाणी प्या ना!"

"प्यायलो."

मग तिने विचारलं, "कसं लागलं?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "गोड," ते म्हणाले. "मीच भरलं होतं. मी एकटाच आहे घरात." आणि मग, ज्याने जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती तो माणूस म्हणाला, "चूक माझी आहे. मोठी चूक आहे. घरी ये, बाळा."

ती लगेच हो म्हणाली नाही. "बघते," म्हणाली.

पण आली. मुलाची गाडी तिच्या गावावरून येणार होती, त्याच्याबरोबर आली, आणि पिशवीत अगदी कोवळे, अंगठ्याएवढे आर्टिचोक घेऊन. त्यांना लव धरलेलीच नसते. अर्ध्यांच्या तिने कागदासारख्या पातळ चकत्या केल्या आणि लिंबू, तेल, मीठ घालून कच्च्याच वाढल्या. अर्धे तळहाताने दाबून फुलासारखे उमलवले आणि तेलात कुरकुरीत तळले. आत्याही आली होती. पाणी पिऊन म्हणाली, "मला नाहीच लागत गोड. तुम्ही सगळे मिळून मला बनवताय." ती आजही तसंच म्हणते.

मी मात्र त्या जेवणाला टेबलावर नव्हतो. बूड ठोकलं होतं तिथे गंज धरला आणि मी गळायला लागलो. आता मी टेबलासमोरच्या खिडकीत असतो, पोटात लाकडी चमचे घेऊन. माझ्या जागी साहेबांनी काचेचा जग आणलाय. आरपार दिसणारा. म्हणाले, आता संशयाला जागाच नको.

पण पुढे काय झालं ते तुम्हाला सांगतो. त्या पहिल्याच जेवणाला सुनेने काचेच्या जगातून साहेबांचा पेला भरला. मग तो उचलून आधी स्वतः एक घोट प्यायली, आणि मग त्यांच्या पुढे ठेवला.

"हे काय, बाळा?" साहेब म्हणाले.

"असू दे, बाबा. मला बरं वाटतं." आवाजात राग नव्हता. भाजी वाढताना बोलावं तितक्या सहज बोलली.

तेव्हापासून रोज तसंच. आर्टिचोक असो नसो. साहेबांनी एकदा तिच्या आधी पेला उचलायला हात पुढे केला. तिने हसून पेला जरा अलीकडे ओढला, घोट घेतला आणि त्यांच्या हातात दिला. ते खाली मान घालून प्यायले. त्यांना ती आवडते आता, मनापासून आवडते. बाजारातून स्वतः निवडून आर्टिचोक आणतात, काटे स्वतः छाटतात, चोथ्याचं वजन कधीच करत नाहीत. तीही त्यांना जपते. पण तो एक घोट काही सुटत नाही.

म्हणून जाता जाता एवढंच मागतो. संशय येतोच, मला तर तुमचाही येतोय. आला तर माझ्यासारख्याला ठोका, उलटा करा, मापाने मोजा, आमचं काय, फार तर गळायला लागू. पण माणसाबद्दल असेल तर नमुने गोळा करत बसू नका. तिथल्या तिथे, पहिल्याच घोटाला तोंडाने विचारा.

आता जेवणाची वेळ झालीय. साहेब खुर्ची ओढून बसलेत. सून काचेचा जग उचलतेय. आज नाही पिणार ती आधी, असं मला रोज वाटतं. साहेबांनाही वाटत असावं, कारण ते तिच्या हाताकडे बघतायत. तिने पेला भरला. पाणी स्वच्छ आहे, तळापर्यंत दिसतंय. तिने तो उचलला, ओठांना लावला, एक घोट घेतला आणि त्यांच्या पुढे ठेवला.